‘हाच तो’

वकिली सोडून मला बरीच वर्षं झाली. फायली ज्याच्या त्याला परत केल्या, काहींची रद्दी झाली. एक बस्ता मात्र माझ्या वरोऱ्याच्या घरी, बैठकीतल्या कपाटाच्या वरच्या फळीवर अजून आहे. १९८७ सालच्या एका खटल्याची कागदपत्रं आहेत ती. खटला शेजारच्या जिल्ह्यातल्या एका सत्र न्यायालयात चालला होता आणि मी नुकतीच सनद घेतलेला ज्युनिअर होतो. सीनिअरांच्या मागे पिशवी धरून जायचं, उलटतपासणीचे मुद्दे टिपायचे आणि कोर्टाबाहेर अशिलाच्या बायकोची समजूत काढायची, एवढंच माझं काम.

शेतावरच्या एका घरात रात्री तिघं शिरले. घरधनी आणि त्याची बायको दोघांनाही मारहाण झाली, दागिने गेले. झटापटीत बाईच्या हाती विळा लागला आणि तो एकाच्या हाताला बसला. पळताना त्याचा दुपट्टा ओसरीवर पडला. त्यावर रक्त होतं. बारा दिवसांनी पोलिसांनी एका मजुराला धरलं. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचा, पावसाळ्यात रोवणी आणि एरवी मिळेल ते काम करणारा माणूस. त्याच्या डाव्या हातावर भरत आलेली जखम होती. लाकूड फोडताना कुऱ्हाड निसटली, असं त्याचं म्हणणं. पाच आठवड्यांनी ओळखपरेड झाली. बाईंनी रांगेत उभ्या असलेल्या सात जणांमधून त्याच्यापुढे थांबून बोट दाखवलं, ‘हाच तो.’ त्या रात्री घरात उजेड होता तो एका कंदिलाचा.

मग रासायनिक विश्लेषकाचा अहवाल आला. कोर्टाच्या भाषेत सीए रिपोर्ट. दुपट्ट्यावरचं रक्त मानवी, गट ‘ब’. आरोपीचा रक्तगट ‘ब’. सरकारी वकिलांनी तो कागद असा उंच धरून दाखवला की जणू त्यावर माझ्या अशिलाचा फोटोच छापलेला आहे. आमच्या सीनिअरांनी कोर्टाला सांगून पाहिलं की आपल्या देशात दर तीन माणसांमागे जवळपास एकाचा रक्तगट ‘ब’ असतो. या कोर्टाच्या खोलीत बसलेल्यांतसुद्धा दहाबारा निघतील. न्यायाधीश हसले. सात वर्षांची सक्तमजुरी झाली. अपील फेटाळलं गेलं.

शिक्षा ऐकल्यावर तो एवढंच म्हणाला, ‘वकीलसाहेब, मी तिथं नव्हतोच ना जी.’ हे वाक्य त्यानंतर मी पुष्कळ अशिलांच्या तोंडून ऐकलं. त्यांतले निम्मे तरी खोटं बोलत होते हे मला ठाऊक होतं. याचं मात्र मला कधीच ठरवता आलं नाही. तो निर्दोष होता असं आज मी छातीठोकपणे म्हणत नाही. पण ते ठरवण्याचं साधन त्या दुपट्ट्याच्या सुतात होतं, आणि ते आम्हाला माहीत नव्हतं. साधन तेव्हा जन्मलेलं होतं, हे मला पुढे वाचनातून कळलं आणि माझी झोप उडाली. या लेखाची सुरुवात तिथली आहे.

माणूस ओळखायचा कसा, हा प्रश्न पोलिसांइतकाच सरकारलाही जुना आहे. बोटांच्या ठशांची पद्धत जगाला दिली ती बंगालने. विल्यम हर्शेल या हुगळीकडच्या अधिकाऱ्याने १८५८ साली एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला. उद्देश एवढाच की त्याने पुढे सही नाकारू नये. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचं कार्यालय निघालं. ठशांचं वर्गीकरण आज एडवर्ड हेन्रीच्या नावाने ओळखलं जातं, पण त्यातलं गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हाताखालच्या माणसांनी बसवलं होतं. पुढच्याच वर्षी जलपायगुडीच्या चहाच्या मळ्यातल्या व्यवस्थापकाच्या खुनाचा खटला ठशावर उभा राहिला. पंचांगासारख्या एका पुस्तिकेवर रक्ताळलेला अंगठा उमटला होता. गंमत अशी की त्या ठशावरून न्यायाधीशांनी आरोपीला चोरीबद्दल शिक्षा दिली, खुनाबद्दल दिली नाही. ठसा सांगतो की हात तिथे लागला. हाताने काय केलं ते सांगत नाही. शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या न्यायाधीशाला कळलेली ही गोष्ट आजच्या पुष्कळ तपास अधिकाऱ्यांना कळवावी लागते.

त्याच काळात दुसरीही एक ओळखपद्धत रुजली होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातीच जन्मतः संशयित ठरवल्या. तिथे माणूस ओळखायची गरजच उरली नाही. जात ओळखली की झालं. कायदा १९५२ साली गेला. सवय गेली का, ते पुढे नाशिकच्या प्रकरणात दिसेल.

डीएनएची गोष्ट इंग्लंडातल्या लेस्टरची. १० सप्टेंबर १९८४ च्या सकाळी अ‍ॅलेक जेफ्रीज या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत एक्स-रे फिल्म धुतली आणि तिच्यावर काळ्या-करड्या पट्ट्यांची रांग दिसली. दुकानातल्या वस्तूंवर असते तशी. प्रत्येक माणसाची रांग वेगळी. मुलाच्या रांगेतल्या पट्ट्या अर्ध्या आईच्या, अर्ध्या बापाच्या. आपल्या सगळ्यांच्या डीएनएचा बहुतेक भाग सारखाच असतो. पण काही ठिकाणी एखादा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, आणि तो किती वेळा यावा याला माणसागणिक धरबंध नाही. एकाच्या त्या जागी तो नऊ वेळा असेल, शेजाऱ्याच्या तेरा वेळा. अशा पंधरा-वीस जागा मोजल्या की दोन माणसांचे सगळे आकडे जुळण्याची शक्यता जवळपास संपते. एकाच बीजातून झालेली जुळी भावंडं सोडून.

यातला एक मुद्दा वकिलांनीसुद्धा नीट समजून घेतलेला नसतो. ‘जुळलं’ हे उत्तर नेहमी शक्यतेचं असतं. किती लाखांत एक, किती कोटींत एक, असं. ‘जुळलं नाही’ हे उत्तर मात्र नमुना नीट असेल तर ठाम असतं. दुपट्ट्यावरच्या डागाचे आकडे आरोपीच्या आकड्यांशी स्पष्टपणे जुळत नसतील, तर ते रक्त त्याचं नाही. संपलं. म्हणजे या विद्येची खरी ताकद माणसाला अडकवण्यापेक्षा सोडवण्यात जास्त आहे.

आणि तिचं पहिलं फौजदारी काम सोडवण्याचंच होतं. लेस्टरजवळच्या खेड्यांत १९८३ आणि १९८६ साली दोन पंधरा वर्षांच्या मुलींवर बलात्कार करून त्यांचे खून झाले. पोलिसांनी सतरा वर्षांचा एक मुलगा धरला. दुसऱ्या खुनाचा कबुलीजबाब त्याने दिला, पहिला नाकारला. पोलिसांना वाटलं, जेफ्रीजची नवी तपासणी दोन्ही त्याच्या गळ्यात बांधेल. अहवाल आला तो असा की दोन्ही खून एकाच माणसाचे आहेत, आणि तो माणूस हा मुलगा नव्हे. मग पोलिसांनी आसपासच्या हजारो पुरुषांचे नमुने घेतले. खरा गुन्हेगार कॉलिन पिचफर्क याने आपल्या जागी बेकरीतल्या सहकाऱ्याला रक्त द्यायला पाठवलं होतं. ती गोष्ट गुत्त्यात बोलली गेली आणि तो पकडला गेला. जानेवारी १९८८ मध्ये त्याला जन्मठेप झाली. न केलेल्या खुनाचा कबुलीजबाब एक पोरगा देऊ शकतो, हे त्या दिवशी कोर्टांना पहिल्यांदा शास्त्राने दाखवून दिलं. आमचा खटला त्याआधीच्याच वर्षी चालला होता.

अमेरिकेत या विद्येने तुरुंगांची दारं उघडली. १९८९ साली गॅरी डॉट्सन हा डीएनएमुळे शिक्षा रद्द झालेला पहिला माणूस ठरला. १९९२ साली न्यू यॉर्कच्या कार्डोझो लॉ स्कूलमध्ये बॅरी शेक आणि पीटर न्यूफेल्ड या वकिलांनी ‘इनोसन्स प्रोजेक्ट’ सुरू केला. त्यांच्या हिशोबानुसार १९८९ ते २०२० या काळात तिथे ३७५ माणसं डीएनएमुळे निर्दोष ठरली. त्यांतल्या २१ जणांनी फाशीच्या कोठडीत दिवस काढले होते. या ३७५ पैकी सुमारे ६९ टक्के प्रकरणांत साक्षीदाराने चुकीचा माणूस ओळखला होता. मुद्दाम नव्हे. खरोखर वाटलं म्हणून. मेरिलँडच्या कर्क ब्लड्सवर्थला पाच साक्षीदारांनी ओळखलं होतं. १९८५ साली त्याला फाशीची शिक्षा झाली, १९९३ साली डीएनएने तो सुटला, आणि २००३ साली खरा गुन्हेगार सापडला तो त्याच तुरुंगात दुसऱ्या गुन्ह्यासाठी ठेवलेला, ब्लड्सवर्थच्या एक मजला खाली राहून गेलेला निघाला. मला त्या पाच साक्षीदारांचा राग येत नाही. कंदिलाच्या उजेडातली ती बाई आठवते. तिच्या घरावर दरोडा पडला होता, नवऱ्याचं डोकं फुटलं होतं, पाच आठवडे तिने तो चेहरा मनात घोळवला होता. घोळवता घोळवता चेहरा बदलतो, हे तिला कोणी सांगणार?

भारतात ही विद्या फार उशिरा आली असं नाही. हैदराबादच्या पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात लालजी सिंह यांनी १९८८ च्या सुमारास स्वतःची डीएनए ठशांची पद्धत विकसित केली. तिचं मूळ सापात आहे. पट्टेरी मण्यार या सापाच्या लिंग-गुणसूत्रांवर काम करताना त्यांना जो तुकडा हाती लागला होता, त्यातूनच माणसं वेगळी ओळखता येऊ लागली. हा साप आमच्या पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्यात निघतो आणि लोक त्याला दिसताच ठेचतात. १९८९ च्या सुमारास केरळातल्या तेल्लिचेरीच्या कोर्टात एका पितृत्वाच्या दाव्यात ही तपासणी पहिल्यांदा वापरली गेली. पुढे राजीव गांधी हत्येच्या तपासात आणि दिल्लीच्या तंदूर खून प्रकरणात मृतांची ओळख पटवायला ती उपयोगी पडली.

म्हणजे माझा अशील तुरुंगात शिक्षा भोगत असताना त्याला सोडवू शकेल, किंवा त्याचा गुन्हा पक्का करू शकेल, अशी विद्या आपल्याच देशात तयार होती. पण जिल्हा कोर्टापर्यंत ती पोचायला वेळ लागला. आरोपीची वैद्यकीय तपासणी करताना डीएनएसाठी नमुने घ्यावेत, असं फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ५३-अ मधून स्पष्टपणे आलं ते २००६ साली, आणि तेही बलात्काराच्या गुन्ह्यांपुरतं.

त्याआधीच्या काळात कोर्टापुढे काय असे? डाग. डाग आहे एवढंच. आमच्या जुन्या चांदा जिल्ह्यातलं, देशभर गाजलेलं प्रकरण आठवा. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद झाली. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता; तो १९८२ साली झाला. मुलीचं नाव मी इथे घेत नाही. पीडितेचं नाव छापायला बंदी करणारं कलम १९८३ साली आलं, आणि ते ज्या कायदादुरुस्तीतून आलं ती दुरुस्ती झाली ती मुख्यतः याच मुलीच्या खटल्यामुळे. तरी अख्ख्या देशात तो खटला तिच्याच नावाने ओळखला जातो. रासायनिक तपासणीत मुलीच्या कपड्यांवर आणि एका पोलिसाच्या पायजम्यावर वीर्याचे डाग मिळाले. कोणाचे, हे सांगण्याची सोय नव्हती. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ साली दोघांना सोडलं आणि त्या डागांचा वेगळाच अर्थ लावला. नागपूर खंडपीठाने १९७६ साली दोघांना शिक्षा दिली. १९७८ साली ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा निर्दोष ठरवले. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चौघा कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि देशभर महिला संघटना उभ्या राहिल्या.

डीएनए असता तर सत्र न्यायालयातला ‘कोणाचे डाग’ हा वाद पाच मिनिटांत मिटला असता. पण सर्वोच्च न्यायालयाचा प्रश्न वेगळा होता. अंगावर खुणा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती होती, असं त्या निकालाने मानलं. याला कुठल्याही प्रयोगशाळेकडे उत्तर नाही. प्रयोगशाळा माणूस ओळखते. चौकीत रात्री अडवून ठेवलेल्या मुलीची अवस्था न्यायाधीशालाच ओळखावी लागते.

आता नाशिक. ५ जून २००३ च्या रात्री नाशिक जिल्ह्यात बागेतल्या एका झोपडीवर दरोडा पडला. पाच जण मारले गेले. घरातली आई आणि तिच्या मुलीवर बलात्कार झाले. मुलगी त्या पाचांत गेली. आई आणि एक मुलगा वाचले. पोलिसांनी भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना धरलं. त्यांतला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हे फार पुढे सिद्ध झालं. ओळखपरेड झाली, कोर्टात बोट दाखवलं गेलं. २००६ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ साली उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३० एप्रिल २००९ रोजी तिथे सहाही जणांना फाशी झाली. ज्या तिघांचा जीव उच्च न्यायालयात वाचला होता त्यांचाही पुन्हा टांगणीला लागला.

२०१२ साली १४ निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्र लिहिलं. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच चुकीच्या ठरवलेल्या एका जुन्या निवाड्याच्या आधारावर काही माणसांना फाशी झाली आहे, ती रद्द करावी, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या यादीत हे सहा जण होते. राजस्थानातले रावजी आणि सुरजाराम हे दोघे त्याच चुकीच्या वाटेने १९९६ आणि १९९७ साली फासावर गेलेलेही होते. त्यांच्यासाठी कोणतंच पत्र उपयोगाचं नव्हतं.

नाशिकचं प्रकरण पुन्हा ऐकलं गेलं. ‘अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात ५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती सिक्री, नझीर आणि शहा यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. कशावर? एका अल्बमवर. घटनेनंतर दोन दिवसांनी, ७ जूनला, जखमी आईला पोलिसांनी सराईत गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता आणि तिने त्यातले चार चेहरे ओळखले होते. ते चौघे म्हणजे हे सहा जण नव्हेत. तिने हे विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर सांगितलं होतं. मग त्या चौघांचा तपास का झाला नाही? सरकारपक्षाकडे उत्तर नव्हतं. हे कागद कुठल्या तरी गुप्त तिजोरीत नव्हते, पोलिसांच्याच तपासात होते. सत्र न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय अशा तीन पायऱ्या चढून फाशी कायम झाली तरी त्यांना कोणी अर्थ दिला नव्हता. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला. सहा जणांची सोळा वर्षं गेली होती. आणि त्या पाच खुनांचे खरे गुन्हेगार?

मी हा निकाल वरोऱ्यात बसून वाचला तेव्हा माझ्या मनात एक प्रश्न सारखा येत होता. त्या घरात बलात्कार झाला होता. अशा गुन्ह्यात शरीरावर आणि कपड्यांवर जे राहतं ते साक्षीदारासारखं घाबरत नाही आणि महिनाभराने विसरत नाही. ते पहिल्याच महिन्यात नीट बोलतं केलं असतं, तर अल्बममधले चौघे की हे सहा, याचा निवाडा २००३ सालीच झाला असता. इथे माणसं सुटली ती डीएनएमुळे नव्हे. आपल्याकडे सहसा तशी सुटतच नाहीत. अमेरिकेत २००४ च्या कायद्याने शिक्षा झालेल्या कैद्याला डीएनए तपासणी मागण्याचा हक्क दिला, आणि त्यासाठीच्या निधीला ब्लड्सवर्थचं नाव आहे. आपल्याकडे शिक्षा कायम झाल्यावर अशी तपासणी मागण्याचा स्वतंत्र हक्क देणारा कायदा नाही.

एक तिरकस गोष्ट सांगतो. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत वाघ माणसं मारतो. कोणता वाघ, हे ठरल्याशिवाय त्याला पकडता किंवा मारता येत नाही. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची तशी लेखी कार्यपद्धतीच आहे: समिती नेमा, कॅमेरे लावा, पायाचे ठसे घ्या, केस आणि विष्ठा मिळाली तर डीएनए तपासा. निर्दोष वाघ पिंजऱ्यात जाऊ नये म्हणून. मला ही पद्धत पटते. मनात एवढंच येतं की तेंदूपत्ता तोडणाऱ्या माणसासाठी एवढी समिती कोणी नेमली असती तर बरं झालं असतं.

पण डीएनए म्हणजे देववाणी नव्हे, हेही मराठी मुलखातल्याच एका खटल्याने दाखवलं. २०१० साली ठाणे जिल्ह्यातल्या भाईंदरला सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. आरोपी परप्रांतातला मजूर. २०१४ साली फाशी, २०१५ साली उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि मुख्य आधार डीएनए अहवालाचा. १९ मे २०२३ रोजी ‘प्रकाश निषाद विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात न्यायमूर्ती गवई, विक्रम नाथ आणि संजय करोल यांच्या पीठाने त्याला सोडलं. नमुने कोणी घेतले, प्रयोगशाळेत पोचेपर्यंत ते कोणाच्या ताब्यात होते, उशीर का झाला, पुन्हा रक्त का घेतलं, यातलं काहीच धड सांगता येत नव्हतं. आरोपीला मराठी येत नव्हतं. त्याच्या नावावरचं निवेदन मराठीत लिहिलेलं होतं आणि ते त्याला समजावून सांगितल्याचं कुठे दिसत नव्हतं. यंत्रातून आलेला आकडा कितीही मोठा असो, यंत्रात घातलेली बाटली नेमकी कोणाच्या रक्ताची हे सांगणारा शेवटी एक शिपाईच असतो. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूच्या एका फाशीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिले: डीएनएचे नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेकडे पोचवायचे, आणि नमुना कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची नोंदवही ठेवायची, ती शिक्षा किंवा सुटका होईपर्यंत खटल्याच्या कागदांत जोडलेली असावी. नियम वाचून मला आनंद झाला, आणि हे २०२५ साली सांगावं लागतं याचं वाईटही वाटलं.

भरपाईचं म्हणाल तर विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मधल्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांत भरडलेल्या माणसांसाठी स्वतंत्र कायदा करा असं सुचवलं. कायदा झालेला नाही. नाशिकच्या सहा जणांना मिळाले ते पीठाच्या मर्जीने. भाईंदरच्या खटल्यातला माणूस नुसता सुटला.

माझा अशील शिक्षा भोगून १९९३ साली बाहेर आला. सूट मिळून थोडं आधी. गावात त्याला कोणी कामाला ठेवीना, म्हणून तो वरोऱ्याकडे आला आणि कापसाच्या जिनिंगवर हमाली करू लागला. दर दिवाळीला घरी यायचा. दारातच बसायचा, आत बोलावलं तरी यायचा नाही. खटल्याचा विषय काढायचा नाही. २००५-०६ च्या सुमारास एका दिवाळीला मात्र त्याने विचारलं, ‘साहेब, टीव्हीवर दाखवते ते, रक्तावरून माणूस वळखते म्हणते. आपल्या दुपट्ट्याचं होईन का जी?’

मी त्याला खोटी आशा द्यायला नको होती. पण त्या प्रश्नाने माझ्यातला ज्युनिअर जागा झाला. शिक्षा भोगून झालेली, अपील संपलेलं. कायद्याने मागणीला जागा जवळजवळ नाही, हे मला ठाऊक होतं. तरी म्हटलं, आधी दुपट्टा आहे का ते पाहू. अर्ज केला. त्या कोर्टातला मुद्देमालाचा कारकून सज्जन होता. तीन दिवस त्याने जुन्या नोंदवह्या काढल्या. मला आधी निकालपत्राचं शेवटचं पान आठवायला हवं होतं. मी ते कितीदा वाचलं होतं. जवळजवळ प्रत्येक निकालात शेवटी तेच वाक्य असतं, आणि आपण वकील ते कधी वाचतच नाही: मौल्यवान मुद्देमाल फिर्यादीस परत द्यावा, क्षुल्लक किमतीचा मुद्देमाल अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावा.

दागिने त्या बाईला परत मिळाल्याची सही होती. दुपट्ट्यापुढे नोंद होती, ‘क्षुल्लक. जाळला.’ खाली तारीख आणि दोन पंचांच्या सह्या. एकाने अंगठा केला होता.

मी त्याला ते सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला. मग विचारलं, ‘जाळला तेव्हा मी आतच होतो ना जी?’ मी तारीख पुन्हा पाहिली. हो, आतच होता. त्यानंतर चार दिवाळ्या आला. पाचव्या वर्षी त्याचा मुलगा आला, लाडवांचा डबा घेऊन, आणि म्हणाला की बापाने सांगितलं होतं, वकीलसाहेबांकडे जात जा.

तो अजून येतो. तोही दारातच बसतो.